हिरवं शेवाळ पाण्यातून कार्बन डायऑक्साइड गोळा करतं कसं?

निवळशंख

प्रकाशसंश्लेषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पान येतं. पानाला हवा मिळते. पाण्यात बुडालेल्या शेवाळाला काय मिळतं, हे मात्र शाळेत कुणी विचारत नाही. मी वनस्पतीशास्त्र शिकवते आणि या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट मला याच प्रश्नाच्या उत्तरात दिसत आली आहे. म्हणून हा धागा.

आधी अडचण केवढी आहे ते बघू. उघड्यावर ठेवलेल्या २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून विरघळून किती विरघळतो? लिटरमागे साधारण ०.६ मिलिग्रॅम. त्याच पाण्यात ऑक्सिजन असतो लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम. शिवाय वायू पाण्यात फार सावकाश पसरतात. कार्बन डायऑक्साइड हवेत ज्या वेगाने पसरतो, पाण्यात त्याच्या साधारण दहा हजारांश. म्हणजे पेशीने अंगालगतचा वायू वापरला की ती जागा पुन्हा भरून यायला वेळ लागतो.

आता हा वायू पकडणारं एन्झाइम, रुबिस्को. शेवाळ असो, गवत असो, वड असो, हवेतला कार्बन साखरेच्या वाटेवर आणून सोडायचं काम शेवटी हेच करतं. निसर्गात सर्वांत विपुल असलेल्या प्रथिनांत त्याचं नाव घेतात. इतकं लागतं, कारण ते विलक्षण मंद आहे. एखादं चपळ एन्झाइम सेकंदाला हजारो रेणू हातावेगळे करतं, तर पानातला रुबिस्को सेकंदाला तीनेक. वर त्याला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत नीट फरक करता येत नाही. अडीच अब्ज वर्षांपेक्षाही आधी, हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, तेव्हा ते घडलं. तेव्हा हा दोष जाणवायचं कारणच नव्हतं. आज गव्हाच्या किंवा भाताच्या पानात साधारण चारांत एकदा तरी ते ऑक्सिजन पकडतं, आणि झालेली चूक निस्तरण्यात पेशीची ऊर्जा तर जातेच, आधी पकडलेला थोडा कार्बनही हातचा जातो.

क्लॅमिडोमोनास रेनहार्टी हे एकपेशीय हिरवं शेवाळ घ्या. लांबी मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग, पोहायला दोन कशाभिका म्हणजे चाबकासारखे बारीक धागे, आणि पेशीचा बराचसा भाग व्यापणारं पेल्याच्या आकाराचं एकच हरितलवक. याच्या रुबिस्कोला निम्म्या वेगाने चालायलाही लिटरमागे सुमारे १.३ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवा. पाण्यात आहे ०.६. हिशेबाने ही पेशी कायम अर्धपोटी राहायला हवी. प्रत्यक्षात ती हवेशी समतोल असलेल्या साध्या पाण्यात झकास वाढते.

१९८० मध्ये मरे बॅजर, आरोन कॅप्लान आणि जोसेफ बेरी यांनी याचं कारण मोजून दाखवलं. किरणोत्सारी कार्बन असलेल्या पाण्यात पेशी काही सेकंद ठेवायच्या आणि मग सिलिकॉन तेलाच्या थरातून वेगाने फिरवून खाली खेचायच्या. तेलातून जाताना बाहेरचं पाणी वरच राहतं, पेशी तेवढ्या तळाशी येतात. मग त्यांच्या आत किती कार्बन आहे ते मोजायचं. साध्या हवेवर वाढलेल्या पेशींच्या आत बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त अजैविक कार्बन, म्हणजे अजून साखरेत न गेलेला, पाण्यात विरघळलेला कार्बन, सापडला. भरपूर कार्बन डायऑक्साइड देऊन वाढवलेल्या पेशींत ही क्षमता फारच कमी होती. म्हणजे पेशी ओढून घेते, साठवते, आणि गरज असेल तेव्हाच हा खटाटोप करते.

कसं, ते पुढे लिहिते. तोवर ज्यांच्याकडे कमळाची कुंडी, मत्स्यालय किंवा हिरवी झालेली टाकी आहे त्यांना विनंती: पाण्याचा पीएच सकाळी ऊन यायच्या आत आणि दुपारी तीनच्या सुमारास मोजा, आकडे इथे द्या. सध्या पुण्यात ऊन चांगलं आहे, फरक ठळक दिसेल.

मुळशीवाट

वाचतोय. आमच्या कॉलेजात हा भाग "शेवाळ प्रकाशसंश्लेषण करते" एवढ्या एका वाक्यात उरकला होता.

पाषाणकर

आमच्या पार्किंगशेजारी कमळाचं सिमेंटचं टाकं आहे. पाणी बोअरचं, चांगलंच जड. गप्पी मासे आहेत आणि गोंडाळ, म्हणजे तंतूंचं हिरवं शेवाळ, भरपूर. पीएच पेनने मोजलं, पेन आदल्या रात्री बफरशी, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाशी, जुळवून घेतला होता. सकाळी साडेसहाला ७.८. दुपारी तीनला ९.३. घरातल्या झाडांच्या मत्स्यालयात मी सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडतो, तिथे दिवसभर ६.८ च्या आसपास.

ताई, वायू वापरला गेला की पीएच चढतो हे आम्हा मत्स्यालयवाल्यांना माहीत असतं. पण ९.३ ला पाण्यात कार्बन डायऑक्साइड म्हणण्यासारखा उरतच नसेल. तरी गोंडाळातून दुपारभर ऑक्सिजनचे बुडबुडे चालूच होते. मग ते खात काय होतं?

निवळशंख

पाषाणकर, नेमकं बोट ठेवलंत.

पाण्यात कार्बन एकाच रूपात नसतो. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट होतं, बायकार्बोनेटचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि कुणाचं पारडं जड राहील ते पीएच ठरवतो. पीएच ६.३५ च्या आसपास दोघं निम्मे निम्मे. तिथून पीएच एकाने चढला की बायकार्बोनेटच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड दहापट घटतो. ८.३ ला शंभरात एक उरतो. तुमच्या ९.३ ला हजारात जेमतेम एक. पण बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट लिटरमागे शंभर-दोनशे मिलिग्रॅम सहज असतं. तुमचं गोंडाळ त्याच्यावर जगतंय.

बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून घेतला की मागे हायड्रॉक्साइड उरतं. पीएच चढतो तो त्यामुळे. पाण्यात कॅल्शियम असेल तर त्याच झटक्यात चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. टाक्याच्या कडेला, हिरव्या थराच्या मधूनच, बोटाला खरखरीत लागणारा पांढरा थर असेल तर तो बघा. तो बाष्पीभवनानेही येतो, पण पाण्याच्या पातळीखाली, शेवाळाच्या अंगावरच बसलेला असेल तर ते शेवाळाचं काम.

सगळ्यांना हे जमत नाही. मत्स्यालयातली व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला बायकार्बोनेट वापरतात. पाण्यातली बहुतेक मॉस वापरत नाहीत, त्यांना विरघळलेला वायूच लागतो. जड पाण्यात मॉस नांदत नाही आणि व्हॅलिस्नेरिया फोफावते, यामागचं हे एक कारण.

आता बायकार्बोनेट पेशीत शिरतं कसं. कार्बन डायऑक्साइडवर विद्युतभार नसतो, तो स्निग्ध पटलातून आरपार जातो. बायकार्बोनेटवर ऋणभार असतो, त्याला पटल अडवतं. त्यामुळे त्याला आत घेण्यासाठी खास प्रथिनं लागतात. क्लॅमिडोमोनासच्या बाहेरच्या पटलावर एचएलए३ नावाचं प्रथिन आहे, ते एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च करून बायकार्बोनेट आत ढकलतं. हरितलवकाच्या वेष्टनात एलसीआयए आहे. हे दोन टप्पे पार झाले की बायकार्बोनेट हरितलवकाच्या आतल्या द्रवात, स्ट्रोमात येतं.

औंधची_मुक्ता

निवळशंख ताई, माझी मुलगी अकरावीला आहे, सायन्सला. रात्री जेवताना तिला हा धागा वाचून दाखवला. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत देते: "कार्बन डायऑक्साइड पटलातून सहज आरपार जातो, तर पेशीने तो गोळा केला तरी तो परत बाहेर पळून का जात नाही?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे विचारते.

निवळशंख

मुक्ताताई, लेकीला शाबासकी द्या. या सगळ्या यंत्रणेचं मर्म तिने विचारलंय. वायू गोळा करणं हा अर्धाच भाग. गोळा केलेला टिकवायचा, आणि जिथे हवा तिथेच मोकळा करायचा, ही खरी करामत आहे. हे उत्तर लांबणार आहे.

पहिली गोष्ट: पेशी कार्बन डायऑक्साइड साठवतच नाही. ती बायकार्बोनेट साठवते. भार असल्यामुळे जे आत यायला अवघड, ते बाहेर जायलाही तेवढंच अवघड. ज्या अडथळ्यासाठी आत घेताना ऊर्जा खर्चावी लागली, तोच अडथळा आता साठा राखतो.

पण हा साठा रुबिस्कोच्या उपयोगाचा नाही, त्याला वायूच लागतो. तेव्हा बायकार्बोनेटचं पुन्हा कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायला हवं. हे आपणहून व्हायला कित्येक सेकंद जातात, पेशीच्या मानाने फारच वेळ. कार्बोनिक अनहायड्रेज हे एन्झाइम ते क्षणात करतं. आपल्या तांबड्या रक्तपेशींत त्याचा जो प्रकार आहे तो सेकंदाला दहा लाखांच्या घरात रेणू बदलतो. रुबिस्कोचे सेकंदाला तीन आठवा आणि अंतर लक्षात घ्या.

आता हे एन्झाइम कुठे ठेवायचं? बायकार्बोनेट जिथे साठलंय तिथेच, स्ट्रोमात सगळीकडे ठेवलं तर? तर साठ्याचा सतत वायू होत राहील, आणि मुलीने विचारलं तसं तो पळून जाईल. हे कागदावरचं अनुमान नाही. १९८९ मध्ये प्राइस आणि बॅजर यांनी ऑस्ट्रेलियात सायनोबॅक्टेरियावर, म्हणजे आपण ज्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणतो त्यांच्यावर, एक प्रयोग केला. माणसाचं कार्बोनिक अनहायड्रेज त्यांनी त्या पेशीच्या मोकळ्या द्रवात तयार करवलं. एक अतिशय कार्यक्षम एन्झाइम भेट दिलं, एवढंच. पेशींचा साठा गळून गेला, साध्या हवेवर त्यांना वाढता येईना, जास्तीचा कार्बन डायऑक्साइड पुरवला तरच वाढत. मी वर्गात हा प्रयोग दरवर्षी सांगते. चांगलं एन्झाइम चुकीच्या जागी ठेवलं तर अख्खी व्यवस्था कोसळते, हे याहून स्वच्छ कुठे दिसत नाही. सायनोबॅक्टेरिया हिरव्या शेवाळापेक्षा वेगळे, त्यांची रचनाही वेगळी, पण जागेचा नियम दोघांना सारखाच.

हिरव्या शेवाळाने जागा कोणती निवडली ते आता बघू. हरितलवकात थायलकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या असतात, प्रकाश पकडण्याचं काम त्यांच्या पटलावर चालतं. ऊन पडलं की त्यांच्या आत प्रोटॉन, म्हणजे आम्लता आणणारे हायड्रोजनचे धनभारित कण, भरले जातात, आतला पीएच सहाच्या खाली-वर येतो. बाहेर स्ट्रोमात तो आठाच्या आसपास असतो. आता मागच्या प्रतिसादातला हिशेब लावा. पीएच आठला कार्बन डायऑक्साइडचा वाटा शंभरात दोनेक. पीएच सहाला तो दोनतृतीयांश होतो! बायकार्बोनेट या पिशवीत शिरलं की रसायनशास्त्रच त्याला वायू व्हायला लावतं, आणि तो झटपट व्हावा म्हणून तिथे सीएएच३ नावाचं कार्बोनिक अनहायड्रेज बसवलेलं आहे. बायकार्बोनेटला पिशवीत नेणारी बेस्ट्रॉफिन प्रकारची प्रथिनं २०१९ मध्ये सापडली. म्हणजे सूर्यप्रकाशाने एटीपी तयार करण्यासाठी जो प्रोटॉनचा चढ उभा केला, त्याच्याच एका हिश्श्यावर कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. वेगळी भट्टी लावावी लागली नाही.

याचा पुरावाही आहे. १९८३ मध्ये स्पॉल्डिंग, स्प्राइत्झर आणि ऑग्रेन यांनी कार्बोनिक अनहायड्रेजमध्ये बिघाड असलेला क्लॅमिडोमोनासचा वाण वर्णन केला. त्याच्या आत अजैविक कार्बनचा साठा नेहमीपेक्षाही जास्त होता आणि तरी तो साध्या हवेवर वाढू शकत नव्हता. कोठार भरलेलं, पण मोकळं करायचा मार्ग बंद.

राहिला रुबिस्को. वायू पिशवीत मोकळा झाला तर रुबिस्को तिथेच हवा. हरितलवकाच्या पेल्याच्या बुडाशी एक गोल गाठ असते, पायरेनॉइड. पेशी कार्बन डायऑक्साइडच्या टंचाईत असते तेव्हा तिचा साधारण नव्वद टक्के रुबिस्को या गाठीत दाटलेला असतो. थायलकॉइडच्या बारीक नळ्या बाहेरून या गाठीत घुसतात आणि मध्यभागी एकमेकींना मिळतात. वायू या नळ्यांतून झिरपतो तो थेट रुबिस्कोच्या गर्दीत. गाठीभोवती स्टार्चच्या पाकळ्यांचं कवच असतं. कवचाच्या लगत एलसीआयबी नावाचं प्रथिन असतं, ते निसटलेल्या वायूचं पुन्हा बायकार्बोनेट करतं आणि ते परत फिरायला लागतं.

तेव्हा मुलीला सांगा: थोडा वायू पळतोच. पण साठा अशा रूपात ठेवलाय की तो पळत नाही, पळू शकणारं रूप फक्त रुबिस्कोच्या मधोमध तयार होतं, आणि वाटेत एक वेचणारा उभा आहे.

औंधची_मुक्ता

तिने वहीत आकृती काढली, नळ्यांसकट. खूप आभार. ती विचारतेय की हे सगळं डोळ्यांनी बघता येतं का.

काचपट्टी

मुक्ताताई, बरंचसं येतं, आणि कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून. नळ्यांसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागेल, पण पायरेनॉइड आणि त्याभोवतीचं स्टार्च दिसतं.

क्लॅमिडोमोनास शोधत बसण्यापेक्षा स्पायरोगायरा घ्या. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत पावसाळ्यानंतर साचलेल्या पाण्याच्या कडेला मला मिळतो. गर्द हिरवे, केसांसारखे तंतू, हातात घेतले की गुळगुळीत, बुळबुळीत. बोटांत धरून ओढले तर सरळ लांब सुटतात, फाटे फुटलेले नसतात. खरबरीत आणि फाटे असलेलं लागलं तर ते क्लॅडोफोरा असण्याचा संभव, त्याने काम होणार नाही. खाण खोल आहे, मुलीला एकटीला पाठवू नका, काठावरूनच घ्या.

दोन-तीन तंतू काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर कव्हरस्लिप. दहाच्या भिंगाखाली प्रत्येक पेशीत हिरवी फीत मळसूत्रासारखी फिरलेली दिसते. चाळीसच्या भिंगावर या आणि फोकसचं बारीक चाक अगदी हळू फिरवा. फितीवर ठरावीक अंतराने चमकदार, किंचित फुगीर ठिपके दिसतील. तेच पायरेनॉइड. फीत वळून पेशीच्या मागे जाते तिथे ठिपके धूसर होतात, चाक फिरवलं की ते स्पष्ट होतात आणि पुढचे धूसर होतात. पेशीच्या मधोमध बारीक धाग्यांनी तोलून धरलेलं केंद्रकही दिसतं.

आता कव्हरस्लिपच्या एका कडेला पातळ आयोडीनचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. आयोडीन खालून सरकत येतं. डोळा भिंगावरच ठेवा. फीत पिवळट-तपकिरी होत जाते आणि एकेका ठिपक्याभोवती निळसर काळं कडं उमटतं. आधी एका बाजूच्या पेशींत, मग पुढच्या. कडं गडद आणि मधला भाग त्यामानाने फिका, कारण स्टार्च बाहेर आहे आणि आत प्रथिन. आयोडीन घट्ट असेल तर सगळंच काळं पडतं आणि हा फरक हरवतो. फिकट चहाच्या रंगाइतकंच ठेवा.

जुनाबीएस्सी

उत्तम धागा. वयाने आता सत्तरीत आहे, बीएस्सी बॉटनी त्या काळातली. आम्ही पायरेनॉइडची व्याख्या "स्टार्च साठवणारी प्रथिनमय गाठ" अशी पाठ केली होती. त्याला रुबिस्कोचं घर म्हणणं ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

एक शंका मांडतो. पायरेनॉइड असेल तरच ही यंत्रणा असते असा ग्रह इथे होऊ नये. मुळशीकडे, महाबळेश्वराला झाडांच्या खोडांवर भगव्या-नारिंगी मखमलीचे पट्टे असतात, ते ट्रेंटेपोहलिया. रंग नारिंगी असला तरी कुळाने हिरवं शेवाळच, आणि त्यात पायरेनॉइड नसतो. तरी ते मजेत आहे.

निवळशंख

काका, अगदी योग्य भर घातलीत. ट्रेंटेपोहलिया हवेत राहतं, त्याची पाण्याची अडचणच नाही. याहून विचारात पाडणारं उदाहरण क्लोरोमोनासचं. क्लॅमिडोमोनासच्या अगदी जवळच्या या शेवाळांपैकी काहींत पायरेनॉइड नाही, तरी ती आत कार्बन गोळा करतात, फक्त साठा लहान असतो. म्हणजे पायरेनॉइडशिवाय अजिबात चालत नाही असं नाही. त्याने काम चोख होतं.

उलट बाजूही बघा. जमिनीवरच्या वनस्पतींनी पायरेनॉइड सोडून दिला. अपवाद एकच गट, हॉर्नवर्ट. आपण बीएस्सीला शिकतो तो अँथोसेरॉस त्यातलाच. पावसाळ्यात सह्याद्रीत ओल्या दरडींवर त्याची गडद हिरवी, जमिनीला चिकटलेली चकती आणि वर उभी बारीक शिंगं दिसतात. त्याच्या पेशीत बहुतेक एकच मोठं हरितलवक आणि त्यात पायरेनॉइड. काका, तुम्ही त्याची स्लाइड नक्की केली असेल.

स्टार्चच्या कवचाबद्दलही तेच. स्टार्च बनवू न शकणारे क्लॅमिडोमोनासचे वाण मरत नाहीत, पण कार्बन डायऑक्साइड फारच कमी केला की मागे पडतात.

नीराकाठ

मॅडम, मूळ गाव बारामतीकडे, नोकरीला पुण्यात. घरी ऊस आणि सोयाबीन. ऊस दुपारच्या उन्हातही जोरात वाढतो, सोयाबीन मरगळतं. उसातही कार्बन डायऑक्साइड साठवण्याची सोय असते असं कृषी मेळाव्यात ऐकलं होतं. ती शेवाळासारखीच का? आणि शेवाळाची ही सोय सोयाबीनमध्ये घालता येईल का?

निवळशंख

नीराकाठ, हेतू तोच, मार्ग वेगळा. ऊस, ज्वारी, बाजरी, मका या सी-४ वनस्पती. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये तो मार्ग उसावरच उलगडून दाखवला. त्यात पानातल्या एका प्रकारच्या पेशी बायकार्बोनेट पकडून चार कार्बनचं आम्ल बनवतात, ते आतल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींत जातं, तिथे कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रुबिस्कोला मिळतो. म्हणजे दोन जातींच्या पेशींत कामाची वाटणी. शेवाळ हे सगळं एकाच पेशीत उरकतं, आणि आम्ल न बनवता.

म्हणूनच गहू, भात, सोयाबीन यांच्यासाठी शेवाळाकडे बघितलं जातं. पानाची अख्खी रचना बदलण्यापेक्षा हरितलवकात काही प्रथिनं घालणं सोपं पडावं, असा विचार. मुख्य अडसर होता की रुबिस्को एका जागी गोळा कसा करायचा. २०१६ मध्ये ल्यूक मॅकिंडर, मार्टिन जोनिकस आणि सहकाऱ्यांनी ईपीवायसी१ हे प्रथिन ओळखलं. त्यात एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि त्यामुळे ते एकाच वेळी अनेक रुबिस्कोंना धरून ठेवतं. ते नसलेल्या पेशींत पायरेनॉइड नीट बनत नाही.

पुढच्याच वर्षी अजून नवल कळलं. पायरेनॉइड घट्ट गाठ नाहीच, तो द्रव आहे. मिसळीच्या रश्श्यावर तर्रीचे थेंब जसे वेगळे राहतात, दोन जवळ आले की एक होतात, चमच्याने तुटतात आणि पुन्हा गोल होतात, तसा. आतले रेणू सतत जागा बदलत असतात. पेशी दुभंगते तेव्हा पायरेनॉइडही बहुतेक वेळा मधोमध तुटून दोघींना मिळतो, आणि एखादीला मिळाला नाही तर तिच्यात तो नव्याने जमतो.

२०२० मध्ये एडिंबरोच्या गटाने अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपात शेवाळाच्या धर्तीचा रुबिस्को आणि ईपीवायसी१ घालून पाहिलं. हरितलवकात खरोखरच रुबिस्कोचा थेंब जमला. रोप नेहमीसारखं वाढलं, जास्त नाही. जास्त वाढण्याचं कारणही नव्हतं, कारण नळ्या, बायकार्बोनेट आणणारी प्रथिनं, कवच, यातलं काही तिथे नव्हतं. थेंब जमवणं ही पहिली पायरी. शिवाय पानाच्या स्ट्रोमात स्वतःचं कार्बोनिक अनहायड्रेज भरपूर असतं, आणि वरचा १९८९ चा प्रयोग आठवला तर ते तिथून काढावं लागणार हे उघड आहे. तेव्हा सोयाबीनचं असं बियाणं पुढच्या हंगामात येणार असं कुणी सांगत आलं तर विश्वास ठेवू नका. पण दिशा खरी आहे.

मुळशीवाट

मग चौकाचौकांत शेवाळाच्या टाक्या उभ्या केल्या तर शहरातला कार्बन डायऑक्साइड कमी होईल का? अशा बातम्या वाचनात येतात.

निवळशंख

फरक पडेल इतका नाही. शेवाळाने पकडलेला कार्बन शेवाळ मेलं, कुजलं की पुन्हा हवेत येतो. तो बाहेर ठेवायचा तर शेवाळ काढून कायमचं कुठेतरी पुरायला हवं. समुद्रातलं आणि गोड्या पाण्यातलं सगळं मिळून मात्र काम अफाट आहे: जगात प्रकाशसंश्लेषणाने जेवढा कार्बन पकडला जातो, त्यातला साधारण एकतृतीयांश पायरेनॉइडमध्ये पकडला जातो असा अंदाज आहे. शहरासाठी वाहनं कमी करा, टेकड्या राखा.

औंधची_मुक्ता

शेवटचा प्रश्न, मुलीचाच. रात्री ऊन नाही, मग ही यंत्रणा बंद होते का?

निवळशंख

होते. प्रोटॉनचा चढ नाही, एटीपीची चैन नाही, रुबिस्कोही थंडावतो. पेशी श्वसन तेवढं करते, कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडते आणि पाण्याचा पीएच उतरत जातो. म्हणून पाषाणकरांचा सकाळचा आकडा ७.८. बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा चक्रात वाढवलेल्या क्लॅमिडोमोनासमध्ये २०१४ साली असं दिसलं की उजेड लागायच्या आधीच, अंधारातच, रुबिस्को पायरेनॉइडकडे जमायला लागतो. उजाडण्याची वाट न बघता तयारी सुरू होते.

पाषाणकर, तुमच्या गप्पींसाठी दोन गोष्टी. पीएच ९.३ ला पाण्यातल्या अमोनियमपैकी निम्म्याहून अधिक मुक्त अमोनियाच्या रूपात असतं, आणि माशांना घातक तेच. तेव्हा दुपारी खाणं घालू नका, सकाळी लवकर आणि थोडं घाला. दुसरं, दाट गोंडाळ रात्री ऑक्सिजन खातं, पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड काढत असतील तर गोंडाळ काढा. सगळं एकदम नको, एक चतुर्थांश या आठवड्यात आणि तेवढंच पुढच्या. मधल्या दिवसांत पीएच मोजत राहा.

पाषाणकर

पहाटे तोंड काढतातच, मी भूक समजत होतो. उद्या सकाळी एका कडेचं काढतो. काचपट्टी, त्यातलं थोडं बाटलीत घालून ठेवू का तुमच्यासाठी? बुळबुळीत आहे, फाटे दिसत नाहीत.

काचपट्टी

ठेवा. टाक्यातलंच पाणी घाला, बाटली अर्धीच भरा, झाकण सैल ठेवा आणि उन्हात ठेवू नका. संध्याकाळी येऊन घेऊन जातो. मुक्ताताई, मुलीला यायचं असेल तर सूक्ष्मदर्शकही आणतो.